शरीरांतील चुन्याचा हिशेब

विड्याच्या पानाला आपण जो चुना लावतों, त्यांतलें मूलद्रव्य म्हणजे कॅल्शियम. प्रौढ माणसाच्या देहांत तें सुमारें एक किलो असतें, आणि त्याचे शंभरांतील नव्याण्णव भाग हाडांत व दांतांत सांठविलेले असतात. रक्तांत मात्र तें फार थोडें. शंभर मिलिलिटर रक्तद्रवांत अवघें ९ ते १० मिलिग्रॅम. परंतु देहाचा सारा कटाक्ष असतो तो या थोड्या अंशावरच. तो राखण्यासाठीं हाडांचें भांडार फोडण्यासही देह मागेंपुढें पाहत नाहीं. हें रहस्य मनुष्याला कसें उमगलें, त्याचा इतिहास आज आपण पाहूं.

आरंभ लंडनमध्यें झाला. सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचें हृदय देहाबाहेर काढून तें मिठाच्या पाण्यावर किती वेळ चालतें, याचे प्रयोग करीत होते. हृदय चांगलें चालू राहिलें, आणि १८८२ सालीं त्यांनीं तसें प्रसिद्धही केलें. मागाहून कळलें कीं, तें पाणी ऊर्ध्वपातित नव्हतें. लंडनच्या नळाचें होतें, व त्यांत चुन्याचा अंश होता. ऊर्ध्वपातित पाणी घेतांच हृदय मंदावून थांबूं लागलें; चुन्याचा क्षार मिसळतांच पुन्हां धडधडूं लागलें. १८८३ सालीं रिंगर यांनीं आपलें पूर्वीचें विधान स्वतःच दुरुस्त केलें. रक्तांतल्या चुन्यावाचून हृदय चालत नाहीं, हें त्या दुरुस्तींतून जगाला कळलें.

मग हा चुना इतका नेमका राखतो कोण? उत्तर गळ्यांत दडलेलें होतें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतला एक भारतीय एकशिंगी गेंडा १८४९ सालीं मेला. त्याचें विच्छेदन करतांना रिचर्ड ओवेन यांना गळ्यांतील अवटु ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा पिवळा गोळा दिसला. त्यांनीं त्याची नोंद केली; पण त्याचें कार्य अज्ञातच राहिलें. पुढें स्वीडनमधील उप्साला येथें इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें तशाच ग्रंथी प्रथम कुत्र्यांत व नंतर मनुष्यांत शोधून काढल्या. बहुधा त्या चार असतात, आणि प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें त्यांना जें नांव दिलें, त्यालाच आपण मराठींत 'परावटु' म्हणतों. त्या वेळीं वैद्यकविश्वानें त्या निबंधाची फारशी दखल घेतली नाहीं. १८८९ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, सँडस्ट्रॉमनें आत्महत्या केली. आपण शोधलें तें काय होतें, हें त्याला अखेरपर्यंत कळलें नाहीं.

इकडे व्हिएन्नांत बिलरोट यांच्यासारखे शस्त्रवैद्य गलगंडासाठीं अवटु ग्रंथि काढून टाकीत, आणि कांहीं रोग्यांना पुढें हातपाय वांकडे करणारी आंकडी येई. दोष अवटु ग्रंथि गेल्याचा, असें पुष्कळांना वाटे. परंतु त्या ग्रंथीबरोबर शेजारचे तांदळाचे दाणेही नकळत कापले जात होते. १८९१ सालीं फ्रान्समध्यें यूजीन ग्ले यांनीं सशांवरील प्रयोगांनीं या लहान ग्रंथींचें महत्त्व दाखविलें. १९०९ सालीं बाल्टिमोर येथें मॅककॅलम व फोग्टलिन यांना परावटु काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तांत चुना घटलेला आढळला, आणि चुन्याचा क्षार टोचतांच आंकडी थांबली. हिशेबनीस सांपडला होता.

तरीही एक मोठा भ्रम उरलाच. हाडें ठिसूळ होऊन मोडणाऱ्या कांहीं रोग्यांत परावटु ग्रंथि फुगलेली दिसे. याकोब एर्डहाइम यांच्या मतें हाडें बिघडतात म्हणून ग्रंथि वाढते. व्हिएन्नाचे फेलिक्स मांडल यांनींही ट्रामवर काम करणाऱ्या एका रोग्याला आधीं ग्रंथीचा अर्क दिला व दुसऱ्याची ग्रंथि बसवून पाहिली. गुण आला नाहीं. मग १९२५ सालीं त्यांनीं उलट केलें, आणि त्याच्या गळ्यांतली वाढलेली ग्रंथि काढली. वेदना ओसरल्या व रोगी पुन्हां चालूं लागला. कांहीं वर्षांनीं रोग परतला. परंतु कार्य आणि कारण यांची अदलाबदल त्या दिवशीं संपली.

अमेरिकेंत चार्ल्स मार्टेल नांवाच्या जहाजी कप्तानाच्या वांट्याला याच रोगाचें कठोर रूप आलें. हाडें वारंवार मोडून उंची सुमारें सात इंचांनीं घटली, मूतखडे झाले, सहा शस्त्रक्रिया व्यर्थ गेल्या. त्यानें स्वतः शरीररचनेचे ग्रंथ वाचले आणि छातींत शोध घेण्याचा आग्रह धरला. १९३२ सालीं, सातव्या शस्त्रक्रियेंत, ग्रंथीची गांठ छातींतच सांपडली. पण वेळ निघून गेली होती; कांहीं आठवड्यांतच मूतखड्याच्या उपद्रवानंतर तो मरण पावला.

आज हा कारभार पुष्कळसा उलगडला आहे. रक्तांत चुना किंचित् घटला कीं परावटूंचा रस वाढतो. तो हाडांतून चुना काढवितो, मूत्रपिंडाकडून वाहून जाणारा चुना राखवितो, आणि मूत्रपिंडांत 'ड' जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देववून आंतड्यांकडून अन्नांतला चुना घेववितो. चुन्याची पातळी ओळखणारा ग्रंथींतला ग्राहकही १९९३ सालीं उलगडला.

या इतिहासांतून घरोघरीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी. आहारांत चुना नसला, अंगाला ऊन लागलें नाहीं, तरी रक्तांतला आंकडा बहुधा ठीकच दिसतो; कारण तूट हाडें भरून काढीत असतात. मुलांचा मुडदूस, उतारवयांतील स्त्रियांचीं झिजलेलीं हाडें यांची सुरुवात अशीच मुकाट्यानें होते. उलट रक्तांत चुना वारंवार जास्त आढळला, तर गळ्याकडे पाहिलें पाहिजे. साध्या रक्ततपासणीनें आज तें हाडें मोडण्यापूर्वींच कळूं शकतें. मार्टेलला ती संधि मिळाली नाहीं. आपल्याला ती आहे. दूध, नाचणी, तीळ आणि थोडें कोवळें ऊन यांचा खर्च तर त्याहूनही कमी.