बर्फांतील गुरु



भागवतांतील अवधूतानें चोवीस गुरु केले. त्यांत कपोत आहे, अजगर आहे, मधमाशीहि आहे. परंतु बर्फांत राहणारा प्राणी एकहि नाहीं. तशा एका गुरूच्या दारीं १९११ सालीं तीन माणसें गेलीं होतीं, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेंतील डॉ. विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे ते तिघे. २७ जून रोजीं, तिकडील ऐन हिवाळ्याच्या काळोखांत, केप एव्हान्सचा तळ सोडून ते केप क्रोझिअरकडे निघाले. तेथें सम्राट-पेंग्विनची वसाहत होती. त्याच्या अंड्यांतील भ्रूण पाहिल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांपासून पिसें कशीं झालीं याचा उलगडा होईल, अशी विल्सनची अटकळ होती. वाटेंतच १९ दिवस गेले. उष्णतामान शून्याखालीं ७७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरलें. घामानें भिजलेले कपडे अंगावरच लाकडासारखे ताठ होत.

ज्या दिवसांत माणसास जगणें अशक्य, त्याच दिवसांत हा पक्षी संसार मांडतो. मादी एक अंडें घालून समुद्राकडे जाते, आणि नर तें पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखालीं झांकून, सुमारें ६४ दिवस उपाशी उभा राहतो. उन्हाळ्यांत वीण करणारा ॲडेली पेंग्विन खड्यांचें घरटें रचतो, शेजाऱ्याचे खडे चोरतो, हद्दीसाठीं भांडतो. सम्राटास घरटें नाहीं, म्हणून हद्दहि नाहीं. वादळ सुटलें कीं शेंकडों नर एकमेकांस भिडून उभे राहतात. अर्ध्या-एक मिनिटानें सारा थवा दोन-चार इंच सरकतो. वाऱ्याच्या तोंडीं असलेले कडेकडेनें आडोशास येतात, आणि मघां बाहेर असलेला मग गाभ्यांत जातो. आंत कधीं कधीं मनुष्याच्या अंगाइतकी ऊब असते.

यांत परोपकार आहे असें मी म्हणणार नाहीं. थंडीच्या सकाळीं उन्हाच्या तुकड्यासाठीं वर्गांतील मुलें काय करतात, तें मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. पक्षीहि आपलीच ऊब शोधतो. मात्र शेजाऱ्यास ढकलून ती मिळत नाहीं. आणि मादी परतली नाहीं, अंगची चरबी संपत आली, तर तोच नर अंडें टाकून समुद्राची वाट धरतो. त्यास निर्दय म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं. यांतील बराच भाग १९५० नंतरच्या अभ्यासानें कळला. विल्सनच्या वेळीं तो कोणास ठाऊक नव्हता.

आतां त्या तिघांकडे वळूं. त्यांस पांच अंडीं मिळालीं. दोन वाटेंत चेरी-गॅरर्डच्या हातमोज्यांतच फुटलीं. पुढें वादळांत तंबू उडाला, दगडी खोपटाचें कापडी छप्पर फाटलें, आणि तिघेहि पिशव्यांत शिरून बर्फाखालीं पडून राहिले. तंबू सांपडला म्हणून जीव वांचले. चेरी-गॅरर्ड फार कुडकुडत असे. बॉवर्सजवळ पिसांचें एक कोरें अस्तर होतें; तें घे, म्हणून तो वारंवार आग्रह करी, आणि हा नको म्हणे. शेवटीं घेतलें. ‘कृपा करून’ आणि ‘आभारी आहें’ हे शब्द तेथें कोणी विसरलें नाहीं, असें त्यानें १९२२ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. १ ऑगस्ट रोजीं ते तळावर पोंचले.

मार्च १९१२ मध्यें ध्रुवावरून परततांना स्कॉटबरोबर विल्सन व बॉवर्स मरण पावले. उरलेलीं तीन अंडीं चेरी-गॅरर्डनें १९१३ सालीं लंडनच्या संग्रहालयांत नेऊन दिलीं. पावतीसाठीं त्यास तेथें बराच वेळ ताटकळत बसावें लागलें. तपासणीचा अहवाल १९३४ सालीं निघाला. त्या भ्रूणांवरून विशेष नवें असें कांहीं कळलें नव्हतें.