एंजिन-तेल, जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांचे

वेगाच्या हौसेने बांधल्या गेलेल्या आणि आज आस्थेने जतन केल्या जाणाऱ्या जुन्या मोटारगाड्यांच्या एंजिनात घालावयाचे वंगण, आणि त्याची निवड करताना ध्यानात घ्यावयाच्या बाबी. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ने ‘व्हिंटेज’ ही संज्ञा १९३० अखेरपर्यंत बांधलेल्या गाड्यांपुरती राखून ठेवली असली, तरी लोकव्यवहारात ती १९७० च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांनाही सर्रास लावली जाते. आणि तेलाच्या बाबतीत या सर्वांच्या अडचणी बव्हंशी एकाच जातीच्या असल्यामुळे प्रस्तुत नोंदीतही तोच व्यापक अर्थ स्वीकारला आहे. या निवडीत एंजिनाची मूळ घडण, गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतील शिफारस आणि आजच्या डब्यातील तेलाची रासायनिक प्रकृती यांचा मेळ घालावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी आहेत तशाच राहिल्या. तिसरी मात्र गेल्या अर्धशतकात इतकी पालटली आहे की, पुस्तिकेत छापलेला आकडा तंतोतंत पाळूनही एंजिनाची खराबी ओढवू शकते, आणि म्हणूनच डब्यावरील नावापेक्षा डब्यातील घटकांची चौकशी करणे अधिक अगत्याचे ठरते.

तेलाची श्यानता, म्हणजे त्याचा दाटपणा, दर्शविणारे क्रमांक ठरविण्याचे काम अमेरिकेतील एस.ए.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली आरंभिले. सांप्रतच्या प्रमाणानुसार १००° से. तापमानाला ज्याची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक भरते ते ३० क्रमांकाचे, १२.५ ते १६.३ भरते ते ४० क्रमांकाचे, आणि १६.३ ते २१.९ भरते ते ५० क्रमांकाचे तेल होय. दुसऱ्या महायुद्धापूर्वी व त्यानंतरही काही वर्षे केवळ एकाच क्रमांकाची तेले मिळत असल्याने मालकाला हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात दाट तेल अशी अदलाबदल करावी लागे. बहुश्रेणी तेलांनी ही यातायात संपविली : त्यांत मिसळलेले लांब रेणूंचे पदार्थ थंडीत आकसून राहतात व उष्णतेत उलगडतात, त्यामुळे २० डब्ल्यू ५० (डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’, हिवाळा) हे तेल थंड असताना पातळ तेलासारखे वाहते आणि तापल्यावर ५० क्रमांकाचा दाटपणा राखते. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकात डकहॅम्स कंपनीच्या हिरव्या रंगाच्या तेलाने या श्रेणीचा विशेष प्रसार केला, आणि तेव्हापासून ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांशी ती जवळजवळ कायमची निगडित झाली. हे लांब रेणू गिअरच्या दात्यांखाली तुटतात, ही त्यांची उणी बाजू होय. मिनी कूपरमध्ये एंजिन व गिअर यांना एकच तेल पुरवले जात असल्याने तिथे ते लवकर पातळ होते आणि लवकर बदलावे लागते.

दाट तेलाची शिफारस निष्कारण झालेली नव्हती. जुन्या एंजिनांत क्रँकशाफ्ट व बेअरिंगे यांमधील फट आजच्या मानाने सैल असे, आणि तेलाला आतच थोपवून धरण्याची व्यवस्था तर अगदीच प्राथमिक असे. १९५५ मध्ये आलेल्या एम.जी.ए. गाडीच्या क्रँकशाफ्टच्या मागील टोकाला आजच्यासारखे रबरी सील नव्हतेच; तेथे शाफ्टवर कोरलेला सर्पिल आटा फिरता फिरता तेलाला उलट चेंबरकडे (एंजिनाच्या तळच्या तेलपात्राकडे) लोटी, आणि एंजिन थांबले की हा अडसरही थांबे. जॅग्वार कंपनीने १९४८ साली एक्स.के. १२० गाडीतून पुढे आणलेल्या सहा सिलिंडरांच्या एंजिनाच्या नंतरच्या आवृत्त्यांत हेच काम दोरीसारख्या वळलेल्या वेष्टणाकडे सोपविलेले होते. अशा एंजिनात आजच्या नव्या गाडीचे अतिशय पातळ तेल घातले असता ते गॅरेजच्या फरशीवर उतरते, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे गरम एंजिनाचा तेलदाब घसरतो. एम.जी.बी.च्या पुस्तिकेप्रमाणे चालत्या गाडीत हा दाब चौरस इंचाला ५० ते ८० पौंड असावा. जॅग्वारच्या या एंजिनात तापल्यावर, मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने, ४० पौंडांची अपेक्षा आहे. डॅशबोर्डावरील काटा या आकड्यांशी ताडून पाहणे, हीच तेलाच्या श्रेणीची खरी परीक्षा होय. तथापि दाब कमी दिसतो म्हणून सरसकट अधिकाधिक दाट तेल ओतत जाणे हाही उपाय नव्हे. झिजलेल्या बेअरिंगांचा इलाज तेलाने होत नाही, आणि अतिदाट तेल थंड एंजिनात वरच्या रॉकरांपर्यंत पोचण्यास विलंब लागतो. तेवढ्या अवधीत धातूवर धातू घासतो.

सर्वांत नाजूक प्रश्न कॅम व टॅपेट यांचा आहे. एम.जी., ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ इत्यादी गाड्यांच्या पुशरॉड एंजिनांत कॅमचे टोक सपाट तळाच्या टॅपेटवर घासत जाते. मधे रोलर नाही. हातात घेऊन पाहिल्यास टॅपेटचा तळ सपाट भासतो, परंतु त्याला अतिशय अल्प असा फुगवटा दिलेला असतो आणि कॅमचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो. या दोहोंच्या योगाने टॅपेट प्रत्येक टोल्यासरशी स्वतःभोवती थोडा थोडा फिरतो आणि झीज एकाच जागी पडत नाही. झडपेच्या स्प्रिंगचा सारा भार एका बारीक रेषेवर येत असल्याने येथे तेलाचा थर पुरत नाही, तर रसायनाचा आधार लागतो. तो आधार झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, अर्थात झेड.डी.डी.पी., या संयुगाने दिला. १९४० नंतरच्या दशकात तांबे-शिसे मिश्रधातूच्या बेअरिंगांना गंजण्यापासून वाचविण्यासाठी ते तेलात मिसळण्यास आरंभ झाला. घर्षणाच्या उष्णतेने त्याचा पोलादावर काचेसारखा फॉस्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच धातूऐवजी झिजतो, हा त्याचा गुण नंतर उमगला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे स्पोर्ट्‌स गाड्यांचे कॅम या संयुगाच्या भरवशावर धावले.

अमेरिकेत १९७५ पासून मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले, आणि जळून बाहेर पडणारा फॉस्फरस त्यांतील उत्प्रेरकाला निकामी करतो असे आढळल्यावर तेलातील फॉस्फरसावर टप्प्याटप्प्याने बंधने आली. पूर्वीच्या तेलांत ०.१० ते ०.१४ टक्के फॉस्फरस सामान्यतः असे; तेलांचे वर्ग ठरविणाऱ्या ए.पी.आय. (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या २००४ च्या ‘एसएम’ वर्गाने १० डब्ल्यू ३० सारख्या पातळ श्रेणींसाठी ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा घातली. नव्या गाड्यांचे टॅपेट बहुधा रोलरचे असल्याने त्यांचे त्यावाचून अडले नाही. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र डब्यावरील वर्ग वर्णानुक्रमे जितका पुढचा तितके तेल आपल्याला हितकर, असा समज करून घेऊ नये. २० डब्ल्यू ५० सारख्या दाट श्रेणींना ही कमाल मर्यादा लागू नाही, परंतु त्यांत झेड.डी.डी.पी. पुरेसे असेलच अशी हमी मर्यादा नसण्याने मिळत नाही. म्हणून उत्पादकाच्या तपशीलपत्रातील फॉस्फरसाचा आकडा मागून घ्यावा आणि तो ०.१० ते ०.१४ च्या दरम्यान असल्याची खात्री करावी. वेगळ्या बाटलीतून हे संयुग अंदाजाने ओतण्याची वहिवाट मात्र टाळावी, कारण तेलातील सर्व घटकांचे प्रमाण परस्परांशी जुळवलेले असते. कॅम नवा बसविला असल्यास पहिली वीस मिनिटे एंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर चालवावे, मंद चालीत रेंगाळू देऊ नये. कॅमवर तेलाचे शिंतोडे भरपूर उडण्यास तेवढा वेग लागतो.

युद्धपूर्व गाड्यांची कथा थोडी निराळी. त्यांपैकी अनेकांत पूर्ण प्रवाह गाळणारा फिल्टर नसून केवळ तारेची जाळी असे, आणि त्या काळच्या तेलात प्रक्षालक द्रव्ये नसल्यामुळे काजळी तळाशी बसून राही. चेंबर न उघडता, वर्षानुवर्षांचा गाळ तसाच ठेवून अशा एंजिनात आधुनिक प्रक्षालक तेल घातल्यास सुटलेला मळ तेलाच्या वाटा बुजवू शकतो. एंजिन खोलून स्वच्छ केले असल्यास मात्र प्रक्षालक तेलच श्रेयस्कर, अट एवढीच की ते वारंवार बदलावे. शर्यतीच्या गाड्यांत एके काळी वापरले जाणारे एरंडेल उष्णतेत उत्तम थर धरून राहते व पेट्रोलात सहजी विरघळत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान-एंजिनांनाही तेच चाले. पण ते हवेने चिकट होऊन डिंकासारखे जमते आणि खनिज तेलात मिसळत नाही. शर्यत संपताच जो एंजिन धुऊन काढील, त्यानेच त्याच्या वाटेस जावे.

संश्लेषित तेलाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. ज्या एंजिनात तेल हेच शीतक असते, उदाहरणार्थ पोर्श ९११ चे हवेने थंड होणारे एंजिन, तेथे उष्णता सोसण्याच्या त्याच्या शक्तीचा लाभ स्पष्ट आहे. पोर्श कंपनीनेही आपल्या जुन्या गाड्यांसाठी २० डब्ल्यू ५० आणि १० डब्ल्यू ६० ही तेले स्वतंत्रपणे उपलब्ध केली आहेत. क्वचित बाहेर निघणाऱ्या, दोरीच्या वेष्टणाच्या गाडीला चांगले खनिज तेल पुरते. मुंबईसारख्या उष्ण व दमट ठिकाणी हिवाळ्यातील पातळपणाची चिंता नाही, म्हणून २० डब्ल्यू ५० तेथे बारमाही चालते; चिंता आहे ती ओलाव्याची. थोडे अंतर जाऊन परत उभ्या केलेल्या गाडीच्या तेलात पाणी व आम्ल साचते, ते बेअरिंगांना खाते. म्हणून गाडी काढली की तेल पुरते तापेपर्यंत ती चालवावी, आणि किलोमीटर कितीही कमी भरले तरी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तेल व फिल्टर दोन्ही बदलावीत.