घराच्या कर्जाचा खरा भाव

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण अनुभवाची आहे. दोन्हींत अंदाजाचा आकडा आणि अखेरचा आकडा यांची गाठ क्वचितच पडते. कर्ज काढून घर घेताना तर या दोहोंतील अंतर धनकोला ठाऊक असते, ऋणकोला नसते. हे अंतर कायद्याने उघड करावयास लावण्याचा अमेरिकेतील झगडा या दृष्टीने बोधप्रद आहे.

इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. धनकोने कर्जावरील एकूण आकार डॉलरांत आणि व्याज वार्षिक दराने सांगावे, असे विधेयक त्यांनी 1960 मध्ये मांडले. त्या काळी शेकडा 6 दराने शंभर डॉलर दिले, तर वर्षाचे व्याज आधीच मिळवून 106 डॉलरांचे बारा समान हप्ते पाडण्याची रीत होती. मुद्दल दरमहा फिटत जाई. व्याज मात्र पूर्ण शंभरावर घेतलेले असे. हिशेब केला असता खरा दर शेकडा 11 च्या आसपास निघे. असा हिशेब करणे अवघड आहे आणि ग्राहकाला केवळ हप्ता किती एवढेच हवे असते, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. विधेयक वर्षानुवर्षे समितीतच अडकले आणि 1966 मध्ये डग्लस निवडणूक हरले.

ते काम विस्कॉन्सिनचे विल्यम प्रॉक्समायर यांनी पुढे नेले. 1967 मध्ये सिनेटने 92 विरुद्ध शून्य मतांनी विधेयक संमत केले. परंतु घराच्या पहिल्या गहाणाचे कर्ज त्यातून वगळले होते. मिसूरीच्या लिओनोर सलिव्हन यांनी प्रतिनिधिगृहात आग्रह धरून ते आत आणले. 29 मे 1968 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. तरीही घरखरेदीच्या पहिल्या गहाणावर एकूण व्याजाची रक्कम सांगण्यातून धनकोंना सूट मिळालीच.

व्याजाखेरीज मालकीहक्काची तपासणी, विमा, वकील यांचे आकार उरलेच होते. गिऱ्हाईक धाडणाऱ्यास आतून दलाली मिळे आणि तिचा भार अखेर घर घेणाऱ्यावर पडे. 1974 च्या कायद्याने अशी दलाली निषिद्ध ठरविली. व्यवहारापूर्वी बारा दिवस खर्च कळविण्याचे त्यातील कलम मात्र धनकोंच्या तक्रारींमुळे 1976 च्या जानेवारीत रद्द झाले. 2008 च्या आर्थिक अरिष्टानंतर 2010 चा कायदा आला आणि 3 ऑक्टोबर 2015 पासून दोन पत्रके सक्तीची झाली. अर्जानंतर कामाच्या तीन दिवसांत अंदाजपत्रक द्यावयाचे आणि व्यवहार पुरा होण्यापूर्वी किमान तीन दिवस अंतिम हिशेब हाती ठेवावयाचा, असा हा नियम होता.

भारतातही रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी असाच नियम केला. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी ऋणकोला समजेल अशा भाषेत मुख्य बाबींचे पत्रक देणे बंधनकारक झाले. सर्व आकार धरून निघणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो आणि पत्रकात नसलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही.

या साऱ्या झगड्यात वाद आकड्यापेक्षा वेळेचा अधिक होता. सहीपूर्वी कळलेला आकडा ऋणकोला नकाराचा अधिकार देतो. सहीनंतर कळलेला आकडा त्याला केवळ फेडावा लागतो.