उल्हासनगर : लिपी आणि पडदा

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके 982च्या शिलालेखाची चिकित्सक वाचने झाली. शेजारच्या उल्हासनगरातील वाचनाचा इतिहास मात्र मराठी समीक्षेला फारसा आपला वाटलेला नाही. 1949 मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीला हे नाव मिळाले. फाळणीनंतर तेथे वसलेल्या सिंधी निर्वासितांची ग्रंथपरंपरा प्रामुख्याने अरबी वळणाच्या लिपीतली; देवनागरीत शिकलेल्या पुढच्या पिढीला ती परकी झाली. ग्रंथप्रेम वारशाने येते, हे (मध्यमवर्गीय) गृहीतक येथे कोलमडते. चित्रपटाला लिपीची अट नसते. म्हणूनच 1958चा सिंधी चित्रपट ‘अबाणा’ निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यात कराचीत जन्मलेली साधना होती. पुढे हिंदी प्रणयपटांनी तिला साऱ्या शहराची नायिका केले.