सातशे छत्तीसच्या मागची माणसं

जुलै १९७६. मनमाडकडून आलेली मीटरगेज गाडी बदनापूरला थांबते आणि तुम्ही पत्र्याची ट्रंक डोक्यावरून उतरवून डब्यात ढकलता. कागदोपत्री तुमचं गाव अजून औरंगाबाद जिल्ह्यात आहे. जालना जिल्हा व्हायला पाच वर्षं बाकी आहेत. तुमचं वय चोवीस. परभणीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली, विषय वनस्पती रोगशास्त्र. खिशात हैदराबादजवळच्या एका संस्थेत रुजू होण्याचं पत्र आहे. संस्थेचं नाव इतकं लांबलचक की वडिलांनी चार जणांना सांगताना 'तिकडं परदेशी लोकांचं शेत हाय' एवढ्यावरच भागवलं.

ते नाव आहे आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्था, म्हणजे इक्रिसॅट. १९७२ साली ती स्थापन झाली. त्याच वर्षी परभणीचं विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी मराठवाड्यावर तो दुष्काळ आला. खडी फोडायला गेलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत, तेव्हा कोरडवाहू पिकांसाठी जगाने काढलेली संस्था म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग ही तिची पिकं. म्हणजे तुमच्याच घरची.

परतूर, सेलू, परभणी, नांदेड, निजामाबाद. रात्रभर खिडकीतून कोळशाचे कण येतात. काचीगुड्याला उतरून तुम्ही मुंबई रस्त्याची बस धरता. पाटणचेरू शहरापासून तीसेक किलोमीटरवर. फाटकातून आत शिरलात की पहिली नवलाई इमारतींची नसते, कारण बऱ्याचशा अजून उभ्याच राहायच्या आहेत; पायाभरणी होऊन दीडच वर्ष झालंय. नवलाई जमिनीची. एका बाजूला तांबडी माती आणि दुसऱ्या बाजूला थेट आपल्या बदनापूरसारखी काळी, पावसात बुटाला शेर-शेर चिकटणारी. जागा निवडताना दोन्ही माती एकाच कुंपणात मिळाव्यात हा हिशेब होता.

तुमच्या विभागाचे प्रमुख डॉ. यशवंत लक्ष्मण नेने. आडनाव ऐकून जरा हायसं वाटतं. पंतनगरला असताना भाताचा 'खैरा' रोग म्हणजे मुळात जस्ताची कमतरता आहे, हे त्यांनीच दाखवून दिलं होतं. इथे त्यांच्यापुढे तुरीचे दोन जुने वैरी आहेत, मर आणि वांझ.

मर तुम्ही लहानपणापासून पाहिलीय. फुलोऱ्यात, शेंगा भरताना उभं झाड वाळतं. खोडावर खालून वर जांभळट पट्टा चढतो. साल सोलली तर आतली नळी काळी. बुरशी जमिनीत असते आणि जुन्या धसकटांवर दोन-तीन वर्षं जगते. वांझ रोगाचं लक्षण याच्या अगदी उलट. झाड मरत नाही. उलट फिकट हिरवं, झुडपासारखं दाट होतं, पानं बारीक आणि चट्ट्यापट्ट्यांची, पण फूल नाही की शेंग नाही. गडी निंदणी करतो, मालक फवारतो, आणि दाणा येत नाही.

बिहारमधल्या पुसा इथून या रोगाची पहिली नोंद झाली ती १९३१ साली. तो पसरवते एक कोळी, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, वाऱ्यावर उडणारी. पण कोळी नेमकं काय घेऊन येते, ते १९७६ साली जगात कुणालाच ठाऊक नाही. विषाणू असावा असा सगळ्यांचा कयास आहे. पण अजून तो कुणाच्या हाती लागलेला नाही.

आता तुमचं काम. सकाळी सहाला तुमच्या हातात देतात एक स्टेपलर. हो, कचेरीत कागद टाचायचा तोच. दुसऱ्या हातात वांझ झाडाची खुडलेली पानं. पुढ्यात दोन आठवड्यांची रोपं, नुकती पहिली दोन पानं उघडलेली. रोगट पान खालच्या बाजूने आत दुमडायचं, कारण कोळी खालच्या बाजूलाच असते. त्या घडीत रोपाचं कोवळं पान घ्यायचं आणि खट्. रोगट पान सुकत गेलं की कोळी हिरव्या पानावर उतरते. दोन-तीन आठवड्यांनी रोप दागी झालं तर तो नंबर बाद. निरोगी राहिलं तर वहीत एक टिंब.

खट्. पुढचं रोप. खट्. शेजारच्या सरीत काम करणाऱ्या बायका तुरीला 'कंदी' म्हणतात आणि तुमच्या तेलुगूला हसतात. अकरापर्यंत अंगठा दुखायला लागतो. इतक्या साध्या हत्याराने एवढा मोठा प्रश्न सुटेल यावर तुमचा विश्वास बसत नाही. आम्ही मात्र पुढच्या काळातून आलोय म्हणून सांगतो, ही पद्धत पुढे देशभरातल्या तूर केंद्रांवर वापरली गेली.

मरीसाठी वेगळा वाफा आहे आणि तो पाहून घरचा शेतकरी चक्रावेल. इथे रोग मुद्दाम पोसतात. मेलेली झाडं बारीक करून मातीत गाडायची, वर पुन्हा रोगाला बळी पडणारी तूर पेरायची, ती मेली की पुन्हा गाडायची. अशा मातीत जे वाण तगतं, तेच खरं. मात्र एका रोगाला तोंड देणारं वाण दुसऱ्याला देईलच असं नाही. १९८६ साली कर्नाटकात आलेली 'मारुती' मरीला भीक घालत नव्हती, पण वांझपुढे गुडघे टेकायची.

संध्याकाळी वसतिगृहात आफ्रिकेतून आलेले प्रशिक्षणार्थी भेटतात. तूर त्यांच्याकडेही आहे आणि मरही. वांझ मात्र आशियापुरताच. इंग्रजी तुमचंही मोडकं, त्यांचंही वेगळ्या वळणाचं. गप्पा मात्र पावसाच्याच होतात. महिन्याच्या पगारातून घरी मनिऑर्डर जाते आणि वडिलांचं उत्तर येतं, त्यात लग्नाचा विषय. या वयातल्या संशोधकाचं आयुष्य एवढंच असतं. चरित्रग्रंथात ते येत नाही, कारण तिथे फक्त शोध लागलेल्या दिवसाला जागा मिळते.

दहा वर्षं पुढे या. आता तुम्ही पुन्हा गावाकडे आहात, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात. जिल्हा आता जालना. पाटणचेरूच्या जनुक पेढीतली काही पाकिटं इथे आली आहेत, नावाऐवजी नंबर लिहिलेली. त्यातलंच एक आयसीपी ७२१७, वांझ रोगाला दाद न देणारं. दुसरीकडे १४८ क्रमांकाचं आपल्याकडचं जुनं, ओळखीचं वाण. या दोघांचा संकर करायचा आहे.

नोव्हेंबरची सकाळ. उमलायच्या आदल्या दिवशीची कळी शोधायची, चिमट्याने पाकळ्या सारायच्या, दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, दोरा बांधायचा. यातल्या बऱ्याच कळ्या गळूनच जातात. मधमाश्या आपल्या मर्जीने संकर करतात, म्हणून निवडलेल्या झाडांना मलमलच्या पिशव्या चढवायच्या. गावातली पोरं विचारतात, तुरीला बुरखा कशाला?

आणि मग थांबायचं. हे वाण पेरणीपासून काढणीपर्यंत सहा महिने घेतं, म्हणजे वर्षाला एकच पिढी. सहा-सात पिढ्या निवड, मग विद्यापीठाच्या चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या रानात. पाटणचेरूला निरोगी राहिलेलं झाड इथे पुन्हा रोगाच्या तोंडी द्यावंच लागतं, कारण वांझ रोग जागेनुसार बदलतो: पाटणचेरूचा प्रकार सौम्य, तर बंगळूरचा जहाल. आंतरराष्ट्रीय संस्था बियाणं आणि पद्धत देऊ शकते. पण आपल्या मातीवरचा निकाल आपल्याच केंद्राला लावावा लागतो. मला तर वाटतं, या गोष्टीतला अर्धा वाटा बदनापूरचा आहे आणि तो कुणी मोजत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला वाण बाहेर पडतं, बीएसएमआर ७३६. पहिलं अक्षर बदनापूरचं, उरलेली तीन 'वांझ रोगास प्रतिकारक' याच्या इंग्रजी शब्दांची. शेतकरी एवढा व्याप करत नाही. तो दुकानात 'सातशे छत्तीस' मागतो. लाल दाण्याची, मर आणि वांझ दोन्हींना तोंड देणारी. सरळ वाण असल्याने चांगली झाडं निवडून घरचं बी ठेवता येतं.

आणि तो विषाणू? २००० सालाच्या सुमारास इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी तो अखेर पकडला. म्हणजे तुम्ही स्टेपलर हातात घेतलात त्याला तोवर चोवीस वर्षं झाली होती, आणि सातशे छत्तीस तेव्हा मोंढ्यात विकलीही जात होती.

जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण शहराच्या पश्चिमेला तासाभराच्या आत असलेल्या सरकारी केंद्रातून सातशे छत्तीसनंतर ८५३ आली, २०१२ साली बीडीएन ७११ आली, दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत हाती येणारी, पावसाने लवकर पाठ फिरवली तरी पदरात काही टाकणारी. त्या केंद्राच्या नावाने जालन्यात एखादा चौकही मी पाहिलेला नाही.

वर्तमानात परत आलात. घरात कुणी कृषीला जाऊ का विचारत असेल तर नोव्हेंबरमध्ये त्याला बदनापूरला घेऊन जा आणि परवानगी मागून मर रोगाचा वाफा दाखवा. एका सरीत सगळं वाळलेलं आणि शेजारच्या सरीत शेंगा, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. नोकरीचं काय, ते नंतर बोला.