आढ्याखालचे देवदूत

इंग्लंडच्या पूर्वेकडे, सफोक-नॉरफोक भागातल्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये पाऊल टाकलेत की आधी मान वर करा. ओकच्या छतातून पंख पसरलेले लाकडी देवदूत खाली झेपावताना दिसतील. शेजारच्या केंब्रिजशरमधल्या मार्च गावी, सेंट वेंड्रेडा चर्चमध्ये, ते 120च्या आसपास आहेत.

या छतांचे मूळ मात्र राजवाड्यात आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाने 1393च्या सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे छप्पर नव्याने करायला घेतले. हॉलची रुंदी सुमारे 20 मीटर; तेवढी अखंड तुळई देणारा ओक मिळायचा कुठून? राजाचा सुतार ह्यू हर्लंड याने दोन्ही भिंतींतून आखूड तुळया पुढे काढल्या, त्यांना खालून बाकदार टेकू दिले आणि त्यांच्या टोकांवर उभे खांब चढवून वरचा भार पेलला. मध्ये एकही खांब लागला नाही. ही हॅमरबीमची पद्धत त्याच्या आधीची. विंचेस्टरच्या पिलग्रिम्स हॉलमध्ये ती 14व्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसते. पण तिचा एवढा मोठा पल्ला कुणी गाठला नव्हता. शिवाय तुळयांच्या टोकांवर राजचिन्हाची ढाल धरलेले देवदूत कोरले गेले.

पुढच्या दीडशे वर्षांत हा थाट गावोगावच्या चर्चमध्ये पोचला. किंग्ज लिनचे सेंट निकोलस चॅपल त्यातले अगदी सुरुवातीचे. पूर्व भागात लोकर आणि कापडाच्या व्यापाराचा पैसा खेळत होता आणि सुतारही तयार हाताचे होते. राजाच्या ढालींची जागा अनेक ठिकाणी वाद्यांनी आणि ख्रिस्ताच्या यातनांच्या खुणांनी घेतली.

मग यादवी युद्ध आले. 1643-44मध्ये विल्यम डाउझिंग हा कडवा प्युरिटन केंब्रिजशर आणि सफोकमध्ये चर्चमागून चर्च पालथे घालत फिरला. काचचित्रे फुटली, मूर्ती गेल्या. ब्लायथबर्गच्या चर्चमधले देवदूत उतरवण्याचा हुकूमही त्याने दिला; तरी त्यातले बरेच आजही जागेवर आहेत. इतक्या उंचावर चढून, छताला धक्का न लावता ते काढणे सोपे नव्हते. माझ्या मते मध्ययुगीन इंग्लंडचे सर्वांत सुंदर लाकडी शिल्प संग्रहालयांत नाही, या छतांत आहे. तिकडे जाणार असाल तर दुर्बीण न विसरता बरोबर घ्या.