‘डिसिल्वा’ या आडनावाची पूर्वपीठिका

परदेशी स्थायिक झालेले आमचे ज्ञातिबांधव नाताळात गावी येतात, तेव्हा आप्तांसाठी ज्या वस्तू आणतात त्यांत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे काचेच्या चौकटीत बसविलेले ‘कुलचिन्ह’. रुपेरी ढालीवर मागल्या पायांवर उभा ठाकलेला सिंह, खाली सुबक अक्षरांत ‘सिल्वा’ हे नाव, आणि हे घराणे पोर्तुगालच्या प्राचीन सरदारांपैकी असल्याचा निर्वाळा देणाऱ्या चार ओळी. उत्तर वसईतील एका घरी अशी चौकट टांगलेली आम्ही पाहिली. यजमानांच्या लहान नातवाने आम्हांस सरळच विचारले, “म्हणजे आपण पोर्तुगीज का?” आजोबा हसले, परंतु उत्तर काही त्यांना देता आले नाही. हाच प्रश्न आमच्या मुलांना शाळेत व कचेरीत आडनाव ऐकताच विचारला जातो, आणि तेथे तो नेहमीच कौतुकाने विचारलेला असतो असे नाही. म्हणून या आडनावाची हकिगत एकदा नीट सांगावी असे आम्हांस वाटले.

‘सिल्वा’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ वन, अरण्य. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया या संस्थानाच्या नावात तोच शब्द आहे. पेन घराण्याचे वन असा त्याचा अर्थ. आमच्या घरोघरी आढळणारी सिल्वेस्टर व सिल्विया ही नावे याच धातूतून निघालेली. गंमत अशी की, आजच्या पोर्तुगीज भाषेत ‘सिल्वा’ म्हटले की वन डोळ्यांसमोर येत नाही. काळी रसाळ फळे धरणारे एक काटेरी झुडूप असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. आमच्याकडील करवंदीच्या जाळीची आठवण व्हावी असेच ते झुडूप. तेव्हा ‘वनराज सिंह’ आणि ‘सिल्वा’ यांचा संबंध जोडून जे कुलाभिमानाने बोलतात, त्यांनी काट्याकुट्यांचाही थोडा विचार करावा.

आडनाव म्हणून हा शब्द आला तो मात्र थेट अर्थावरून नव्हे, तर गावावरून. पोर्तुगालच्या अगदी उत्तरेस मिन्यो प्रांत आहे. तेथे वालेन्सा शहराच्या परिसरात सिल्वा नावाचे स्थळ असून, तेथील वतनदार घराणे ‘द सिल्वा’ म्हणजे सिल्वाचे, असे ओळखले जाऊ लागले. मराठी वळणाने सांगावयाचे तर ‘सिल्वेकर’ होय. आगाशीचा तो आगाशीकर, तसाच हा प्रकार. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, लोपीस म्हणजे लोपोचा पुत्र. ती आडनावे बापाच्या नावावरून पडली. सिल्वा, सोझा यांची जात निराळी, ती भूमीवरून पडलेली. अकराव्या शतकातील पायो गुतेर्रेस द सिल्वा हा या घराण्याच्या आरंभीच्या ज्ञात पुरुषांपैकी एक. पुढे हे कुल पुष्कळ वाढले. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल याने सिंत्रा येथील आपल्या राजवाड्याच्या एका दालनात राज्यातील बहात्तर थोर घराण्यांची चिन्हे रंगवून घेतली. त्यांत सिल्वांचा सिंह आहे. चौकटीतला सिंह तो हाच. तो खोटा नाही. तो कोणाचा, एवढाच प्रश्न आहे.

कारण एका वतनवाड्यातील वंशजांनी अवघे जग भरून जावे हे संभवत नाही. पोर्तुगालात सिल्वा हे सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. ब्राझीलमध्ये तर २०२२ च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी ४० लाख सिल्वा मोजले गेले, म्हणजे दर सहा माणसांमागे एक! इतकी माणसे एका कुळात जन्मली नाहीत. त्यांना ते नाव मिळाले. जुन्या पोर्तुगीज रिवाजात आडनावास पक्का नियम नव्हता. एक मुलगा बापाचे नाव लावी, दुसरा आजोळचे. चाकर धन्याचे लावी. ज्यास कोणतेच नाव नसे तो सर्वांच्या परिचयाचे एखादे घेई. सिल्वा हे नाव आधीच सर्वत्र पसरलेले असल्याने ते घेण्यास सोपे, आणि ते लावणारा गर्दीत सहज मिसळून जाई.

ब्राझीलमधील शिका द सिल्वा हिचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. ती अठराव्या शतकात हिऱ्यांच्या खाणींच्या मुलखात, तिजुको येथे, गुलाम म्हणून राहत होती. गुलामीत तिचे नाव नुसते फ्रान्सिस्का, आडनाव नाही. हिऱ्यांचा मक्तेदार जुआंव फर्नांदिस द ओलिव्हेरा याने तिला विकत घेऊन १७५३ च्या अखेरीस मुक्त केले, आणि मग ती फ्रान्सिस्का द सिल्वा झाली. तिच्यासारखे सहस्रावधी लोक मुक्तीच्या वेळी किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी सिल्वा झाले असले पाहिजेत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली ती १३ मे १८८८ रोजी. त्या देशात आज हे नाव बहुजनांचे मानले जाते. पेर्नांबुकोच्या एका दरिद्री घरात १९४५ साली जन्मलेले लुला द सिल्वा २००३ साली तेथील राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा हे सामान्यांचे नाव राजवाड्यात पोहोचले असेच लोकांस वाटले.

सिंहलद्वीपाची कथा याहून वेगळी आणि आम्हांस अधिक जवळची. पोर्तुगीज तेथे १५०५ साली उतरले आणि १६५८ पर्यंत डचांनी त्यांस हुसकावून लावले. किनाऱ्यावरील पुष्कळ सिंहली कुटुंबे त्या काळात डि सिल्वा झाली. पुढे त्यांतील कित्येक बौद्ध धर्मात राहिली वा परतली, परंतु आडनाव तसेच राहिले. १९९६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १०७ धावा करणाऱ्या अरविंद डि सिल्वा यांचे नाव आमच्या तरुणांस पाठ आहे. त्या नावावरून त्यांना कोणी पोर्तुगीज मानीत नाही. म्हणजे नावावरून रक्त कळत नाही आणि धर्मही कळत नाही.

आता आमच्याकडे येऊ. गुजराथच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे पाच वर्षांत आमच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे लागे. पानमळे, केळी आणि भाजीपाला पिकविणारी ही माणसे घरी कादोडीच बोलत राहिली. पोर्तुगीज गेले, त्यांनी दिलेली नावे मात्र गेली नाहीत. रक्तसंबंध मुळीच घडले नाहीत असे आम्ही म्हणत नाही. १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झालेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज व आई येथली. परंतु असे प्रसंग थोडे. दिवाणखान्यातला सिंह आमच्या घरी आला तो धर्मपित्याचा हात धरून, वंशाने नव्हे.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. दोन घरांचे आडनाव डिसिल्वा आहे एवढ्यावरून सोयरीक मोडल्याचे आम्ही ऐकले आहे. उलट, एकाच बापाचे दोन मुलगे निरनिराळ्या धर्मपित्यांच्या हातून बाप्तिस्मा घेते, तर एकाचे वंशज डिसिल्वा आणि दुसऱ्याचे परेरा होऊ शकत होते. आणि तेथे नाते असूनही कोणास शंका येणार नाही. नातेगोते पाहावयाचे तर आडनाव हे साधन अपुरे आहे. (याद्यांतही त्याने घोटाळाच होतो. पोर्तुगालात ‘द’ मोजीत नाहीत, त्यामुळे हे लोक ‘स’ मध्ये सापडतात. आमच्या याद्यांत ते ‘ड’ मध्ये, आणि कोणी नुसते सिल्वा लिहिले तर पुन्हा ‘स’ मध्ये.)

खरी ओळख आहे ती घरगुती नावांत. गावात एका आडनावाची वीस घरे असली तरी वाटेवर कोणी “डिसिल्वांचे घर कोठे?” असे विचारीत नाही, वाडीवरून, विहिरीवरून, एखाद्या आजोबाच्या टोपणनावावरूनच घर सांगितले जाते. ही नावे कोणत्याही दाखल्यावर नाहीत. ती वृद्ध स्त्रियांच्या तोंडी आहेत, आणि कोणते घर कोणत्या घरातून फुटले, कोणाकडे लग्न का होत नाही, हे त्याच सांगू शकतात. ज्ञातिबांधवांनी आपल्या घरातील अशा आजीजवळ एक वही घेऊन बसावे आणि ती सांगेल ते जसेच्या तसे, कादोडीतच, उतरवून घ्यावे. चौकट भिंतीवर राहू द्यावी; तिच्या मागल्या बाजूस हे घरगुती नाव लिहून ठेवले तरी पुष्कळ झाले.